चादरींचा नाच

थोरला भाऊ येणार, तेही महिनाभरासाठी, आणि तेही नेमका नाटक उभं राहायच्या दिवसांत, हे कळल्यावर मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला नाही, एवढंच. मारून घ्यायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते.

"वहिनी गेल्यापासून दादा एकटे आहेत," बायको म्हणाली. "दुकानही बंद केलंय. आता नाही बोलवायचं तर कधी? तुमचं काय, एक नाटक संपलं की दुसरं असतंच."

"कुठे असतं? सहा वर्षांनी हे एक आलंय."

"मग त्यांनीही अजून सहा वर्षं थांबावं का?"

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. सुई टोचली की माणूस गप्प बसतो, याची तिला सवय होती. तिकीट तिनेच काढलं.

मास्तर नाच बसवायचे. गाण्यांची, नाचांची मोठाली नाटकं असतात ना, त्यांतले नाच. त्यांचं खरं नाव इकडच्या लोकांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. पहिल्या वर्षी तिघांनी ते तीन तऱ्हांनी मोडलं. शेवटी एका पियानोवाल्याने वैतागून 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली, आणि तेच चिकटलं. तेविसाव्या वर्षी ते एका नाचपथकाबरोबर इकडे आले होते, नाचायला कमी आणि सामान उचलायला जास्त. पथक परत गेलं, हे मागे राहिले. हॉटेलात भांडी घासली. नाचाच्या वर्गाची फी परवडेना, म्हणून तिथली फरशी पुसून शिकले. मग नाटकांत मागच्या रांगेत उभे राहिले. चेहरा इकडचा नव्हता, त्यामुळे कधी खलाशी, कधी चोर, कधी जादूगाराचा नोकर. एका नाटकात तर तिन्ही. उंची बेताची, पण प्रत्येकाची पावलं यांना तोंडपाठ. कोणी आजारी पडलं की करा याला उभा. एकदा नाच बसवणाराच भांडून निघून गेला, तेव्हा उरलेली गाणी यांनीच बसवली. तिथून मास्तरकी सुरू झाली.

पुढे त्यांचं एक नाटक नऊ वर्षं चाललं. त्या नऊ वर्षांत त्यांना वाटलं, आता आपण इथले झालो. मग ते बंद पडलं. त्यानंतर जहाजावरच्या पाहुण्यांसाठी नाच, शाळांची स्नेहसंमेलनं, कंपन्यांच्या पार्ट्या, असं करत करत साठी उलटली. डावा खुबा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, बदलून घ्या. मास्तर म्हणाले, हे एवढं काम होऊ दे. हे वाक्य ते तीन वर्षं म्हणत होते.

तिकडे घरी, वडील होते तोवर, 'धाकटा बांधकाम खात्यात आहे' असंच सांगितलं जायचं. नाच बसवणं म्हणजेही एक प्रकारचं बांधकामच, असं मास्तरांनी एकदा फोनवर म्हणून पाहिलं होतं. पलीकडून कोणी हसलं नव्हतं.

दादा आले. सत्तरीला टेकलेले, खांदे अजून रुंद. विमानतळाच्या दारातच त्यांनी धाकट्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"छोट्या, तू लंगडतोस."

"थोडंसं."

"थोडंसं लंगडत नसतं कोणी."

दोन दिवस दादांनी घरात काढले. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. तिसऱ्या दिवशी ते बूट घालूनच सोफ्यावर बसले. "मला तुझ्या हापिसात ने," म्हणाले.

हापिस म्हणजे गालिच्यांच्या गोदामावरची एक लांबलचक खोली. एका भिंतीला आरसा, जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या. निळ्या पट्टीच्या जागी जिना येणार, पिवळ्याच्या जागी दार. हवेत घामाचा आणि दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास. कोपऱ्यात पियानोवाली मफलर गुंडाळून बसलेली, कारण हीटर फक्त आवाज करायचा. दादांना तिच्या शेजारी खुर्ची मिळाली.

नाटक होतं एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईघराचं. तिथे राबणारी माणसं, मुकादमाची मुलगी आणि तिचा लिफ्टवाला. पहिल्या अंकात, मध्यंतराच्या थोडं आधी, चादरींचा मोठा नाच होता. सगळे नाचणारे जोडीजोडीने रंगमंच भरून चादरींच्या घड्या घालायचे. टोकाला टोक लावायचं, झटका द्यायचा, चालत जवळ यायचं, आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. मग हळूहळू त्या चादरींच्या लाटा व्हायच्या, भिंती व्हायच्या, वाटा व्हायच्या. गेल्या कित्येक वर्षांत मास्तरांच्या हातून एवढं चांगलं काम झालं नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

हा नाच कुठून आला, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. वडिलांचं गाद्या-चादरी भाड्याने द्यायचं दुकान होतं. दुपारी गच्चीवर वाळलेल्या चादरींचा ढीग पडायचा, आणि दोघे भाऊ दोन टोकांना उभे राहायचे.

चहाच्या सुट्टीत मास्तर जवळ आले, तेव्हा दादांनी कप खाली ठेवला.

"छोट्या, घरची धुणी चव्हाट्यावर धुतात असं ऐकलं होतं. तू तर तिकीट लावलंस."

मास्तर हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे बरगड्यांत दुखलं.

"पण झटकलेली चादर परत जमिनीवरून का फिरवतायत? मळणार नाही का?"

"नाचात आहे ते, दादा."

"आणि तू का नाचत नाहीस? मघापासून नुसता आकडे मोजतोयस आणि ओरडतोयस. आम्हाला तिकडे वाटायचं, आम्ही ओझी वाहतोय आणि हा मजेत नाचतोय."

"मजा बघणाऱ्याची. आपली मजुरी."

दादांनी धाकट्याच्या खुब्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली. मास्तर बसले. तालमीत मास्तर खुर्चीवर बसलेले कोणी पाहिले नव्हते. सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

मग मुक्काम थिएटरात हलला. उद्घाटनाआधी काही दिवस कमी दराच्या तिकिटांवर प्रयोग होतात. प्रेक्षक पक्का, नाटक कच्चं. सकाळी दुरुस्त करायचं, संध्याकाळी पुन्हा दाखवायचं. अशा प्रयोगाला मास्तर रंगमंचाकडे बघत नाहीत. मागच्या भिंतीला टेकून प्रेक्षकांच्या मानांकडे बघतात. चेहरा खोटं बोलेल, मान बोलत नाही.

चादरींचा नाच सुरू झाला, तेव्हा माना ताठ होत्या. पहिल्या लाटेला कोणीतरी 'वा' म्हणालं. मग एक मान खाली झुकली. एकाने हातातला माहितीचा कागद उलटून पाहिला. एका बाईने पर्स उघडून गोळी शोधली. शेवटी टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. पण त्या 'संपलं बुवा' अशा टाळ्या होत्या.

मास्तरांना तिथेच कळलं. मुकादमाची मुलगी त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकते की नाही, हे लोकांना जाणून घ्यायचं होतं, आणि यांचा नाच दारात आडवा उभा होता. नाच चांगला होता म्हणून तर तो जास्तच आडवा येत होता.

दोन दिवस त्यांनी सगळे उपाय केले. इथे कापला, तिथे जोडला, वेग वाढवला. दिग्दर्शिका चाळिशीतली, हुशार बाई. मास्तरांचा मान राखायची, आणि त्या मानापायीच तिची पंचाईत झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या प्रेक्षागृहात ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"अर्धा केला तर?" ती म्हणाली.

"तर अर्धाच कंटाळा येईल. काढायचा तर मुळासकट काढ."

तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला, आणि तो आल्याची लाजही लगेच आली. "मास्तर, तुम्ही दमलायत म्हणून तर असं..."

"दमलोय ते आहेच. पण नाटक तिथे अडतंय, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. सांगायला दोन दिवस लागले, एवढंच."

नाचणाऱ्यांना त्यांनी स्वतः सांगितलं. सगळे रंगमंचावर मांडी घालून बसले होते. कोणी रडलं, कोणी शिवी घातली. या नाचात पुढे असायची ती एक उंच मुलगी, जिला सगळे जिराफ म्हणत. तीही परक्या मुलखातून एकटीच आलेली, इकडची भाषा अजून अडखळत बोलायची. तिने एवढंच विचारलं, "मग मी आता कुठे?"

"मागच्या रांगेत."

"बरं," ती म्हणाली, आणि उठून चादरी गोळा करायला लागली. मास्तरांना शिवीपेक्षा ते 'बरं' जास्त लागलं.

दुपारी जेवताना त्यांनी घरी सांगितलं. दादांनी हातातला घास खाली ठेवला.

"कोणी काढायला लावला?"

"मीच काढला."

"स्वतःहून?"

"तिथे तो नको होता, दादा."

"मी जन्मभर दुकानात बसलो. विरलेली चादरसुद्धा विरलेली म्हणून कधी गिऱ्हाइकाला दाखवली नाही. आणि तू चांगली कोरी चादर आपल्या हाताने फाडलीस?" दादांचा आवाज चढला होता. मग तो एकदम खाली आला. "तुझं बरं आहे, छोट्या. सोडून द्यायला तुला छान जमतं."

बायकोच्या हातातला डाव भांड्यावर थांबला. मास्तर जेवत राहिले. राग यायला हवा होता, निदान डोळ्यांत पाणी तरी. काहीच आलं नाही. ताट उचलून ठेवलं आणि ते वेळेच्या खूप आधी थिएटरात गेले.

तिथे नवीनच घोळ होऊन बसला होता. नाच काढला, पण त्या नाचाच्या आडोशाने मागे नेपथ्य बदलायचं. धुलाईघर जाऊन हॉटेलचा दिवाणखाना यायला पाऊण मिनिट तरी लागणारच. त्या संध्याकाळी तेवढा वेळ अंधार करून नुसतं संगीत वाजवलं, तर लोक आपापसांत बोलायला लागले. कोणीतरी मोबाइल उघडला. "उद्या दुपारपर्यंत काहीतरी द्या," दिग्दर्शिका म्हणाली. "काहीही."

मास्तरांकडे काहीही नव्हतं. डोकं धुऊन पिळून वाळत घातल्यासारखं झालं होतं.

सकाळी खुब्याने जागं केलं. ते भिंतीला धरत स्वयंपाकघरापर्यंत आले आणि दारातच थांबले. दादा आधीच उठले होते. चहा झाकून ठेवला होता. मशीनमधून रात्रीचे वाळलेले कपडे काढून ते मोठ्या चादरीची घडी घालत होते, एकटेच. चादरीचा मध्य हनुवटीखाली दाबलेला, दोन्ही हात दोन बाजूंना लांब ताणलेले. मग हात जवळ आले, टोकं जुळली, एक कड कपाटाच्या दारात अडकवली, दोन पावलं मागे, एकट्यानेच झटका, पुन्हा हनुवटी. सगळं न बघता, सरावाने.

"असं कोणी शिकवलं, दादा?"

"शिकवायचं काय त्यात? तू गेलास. बाबांचे हात थरथरायचे. चादरी तर रोज यायच्या." दादांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आज हवा गार आहे म्हणावं, तसं ते म्हणाले.

"माणूस ठेवायचा होता."

"ठेवला की. त्याला जमेना. आधी जवळ यायचा आणि मग झटका द्यायचा. सगळी चादर माझ्या तोंडावर. शेवटी म्हटलं, देवाने हनुवटी दिलीय कशाला?"

मास्तरांनी खुर्ची ओढली. "दादा, ती उलगड आणि परत घाल."

"अरे, चहा निवेल."

"निवू दे."

दादांनी कुरकुरत घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग पुन्हा. मास्तर उठले, बायकोची एक मोठी ओढणी खुर्चीवर होती ती घेतली, आणि ओट्याला टेकून तसंच करून पाहायला लागले.

"छोट्या, काल मी जे बोललो ना..." दादा म्हणाले.

"खरं बोललास. हनुवटी जरा वर ठेव. हां. आणि मान अशीच वळते का दर वेळी, दाराकडे?"

"गिऱ्हाईक आलंय का बघावं लागायचं."

बायको डोळे चोळत आली, तर दोघे म्हातारे हनुवटीखाली कापड धरून समोरासमोर उभे. "सकाळी सकाळी हे काय चाललंय?"

"काम चाललंय," दादा म्हणाले.

दुपारी मास्तरांनी फक्त जिराफला बोलावलं. मागे धुलाईघर हलत जाईल, बाकी सगळे निघून जातील, आणि पुढे ही एकटी, एक चादर घेऊन. पहिल्यांदा तिने फारच देखणं केलं, हात असे पसरले जणू उडायचंय.

"देखणं नको," मास्तर म्हणाले. "चादर मोठी आहे, तू एकटी आहेस, आणि ढीग अजून पडलाय. बस."

"ही रागावली आहे का?"

"रागवायला वेळ कुठाय तिला?"

जिराफने चादर पुन्हा उलगडली. "अशी मान का वळवायची?"

"कोणी आलंय का बघायला."

मग तिने केलं. अर्ध्यात मास्तरांनी आकडे मोजायचं थांबवलं.

उद्घाटनाच्या प्रयोगाला दादा मधल्या रांगेत बसले, भावजय शेजारी. मास्तर मागच्या भिंतीशी. नेपथ्य हलायला लागलं, उंच मुलगी एकटी पुढे आली, आणि माना होत्या तिथेच राहिल्या. पर्स उघडली नाही. टाळीही पडली नाही. दिवाणखाना आला, दिवे लागले, लिफ्टचं दार उघडलं आणि गोष्ट पुढे गेली. काम झालं होतं.

प्रयोग संपल्यावर बाहेर फुटपाथवर दादा गळ्याशी मफलर घट्ट करत उभे होते.

"त्या पोरीला सांग, शेवटच्या घडीला चादर पोटाशी धरायची. नाहीतर सुटते."

"सांगतो."

"बाकी बरोबर होतं." ते थोडे चालले आणि थांबले. "मी असा दिसायचो?"

"हो."

"मला वाटायचं, कोणी बघत नाही."

मास्तरांना म्हणायचं होतं, की मी तेव्हा नव्हतोच, दादा, मी परवा पाहिलं. पण ते दोघांनाही माहीत होतं. त्यांनी भावाच्या कोपराला धरलं, आधार द्यायला की घ्यायला, कोण जाणे, आणि दोघे गाडीपर्यंत गेले.

वर्तमानपत्रांत नाटकाचं बरं लिहून आलं. चादरीच्या त्या प्रसंगाचं तर खास. 'दिग्दर्शिकेची कल्पकता' असा शब्द होता. नाचांबद्दल एक ओळ होती: नाच नेटके आहेत.

बायकोने ती वाचून दाखवली, तेव्हा दादा खवळले. "नेटके? हा काय वहीवरचा शेरा आहे? फोन कर त्यांना!"

फोन दिग्दर्शिकेचाच आला. फार ओशाळली होती. मी सगळ्यांना सांगेन म्हणाली, ते तुमचं होतं. "सांग, नको सांगू, तुझी मर्जी," मास्तर म्हणाले. "मला आज झोपू दे."

नाटक उभं राहिलं की नाच बसवणाऱ्याचं तिथे काम उरत नाही. दुसऱ्या आठवड्यात ते कपाटातले बूट आणायला गेले. दारवान म्हणाला, "काही विसरलात का?" मास्तर म्हणाले, "बूट." आत जिराफ पायांना पट्ट्या गुंडाळत बसली होती. तिने तोंडात पट्टीचं टोक धरलेलं होतं, म्हणून नुसती भुवयांनी हसली. पोटाशी धरायचं तिला सांगून झालं होतं.

दादांना निरोप द्यायला दोघे विमानतळावर गेले. रांगेत उभं असताना दादांनी बजावलं, "खुबा बदलून घे. आणि मग ये. घर आहे तिथेच आहे."

"काम आलं तर..."

"काम आलं तर कामाला सांग, थोरल्या भावाने बोलावलंय. त्याच्यापुढे काम काय करणार आहे?"

"तारीख घेतलीय मी हॉस्पिटलची," मधेच बायको म्हणाली. मास्तरांना हे पहिल्यांदाच कळत होतं. दादांनी भावजयीकडे पाहून मान डोलावली, जणू दोघांचं आधीच ठरलेलं होतं. बहुतेक ठरलेलंच होतं. मग ते काचेपलीकडे गेले, एकदा वळून हात केला, आणि गर्दीत त्यांचे रुंद खांदे बराच वेळ दिसत राहिले.

परतताना गाडी बायकोच चालवत होती. मास्तर काहीतरी बोलत होते, बहुधा शाळेच्या एका कामाबद्दल, ते होणार नाही असं कळवायला हवं, असं. पहिल्या सिग्नलपाशी वाक्य अर्धंच राहिलं. तिने वळून पाहिलं, तर तोंड उघडं टाकून झोपलेले. इमारतीखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं, तरी ते जागे झाले नाहीत. काचेतून दुपारचं ऊन आत येत होतं. तिने चपला काढल्या, सीट जरा मागे घेतली, आणि ती पण बसून राहिली.